अक्काच्या घड्याळावरचा थेंब

माझी मोठी बहीण, आमची अक्का, नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. शेवटची वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आमच्यात कुणी विचारलं नाही आणि तिनं आपणहून सांगितलं नाही. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. माहेर मुखेडचं. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. माझं पुढचं शिक्षण, माझं लग्न, सगळं तिनं केलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते हे माहीत असताना वाचलं जावं असं मला वाटतं.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात ती एकटी हैदराबादला गेली आणि एक स्विस घड्याळ घेऊन आली. कोरं नव्हे, आधी कुणीतरी वापरलेलं, पण डबा आणि कागदपत्रांसकट. बॉडी स्टीलची, साखळीचा पट्टाही स्टीलचा. फोनवर मला एवढंच म्हणाली, "घड्याळ घेतलं बघ." मी म्हणाले, "बरं केलंस, जुन्याचा पट्टा तुटायलाच आला होता." दोन दिवसांनी माझ्या मुलीनं फोटो बघून ते कुठल्या जातीचं आणि किती लाखांचं घड्याळ आहे ते सांगितलं, आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

असं घड्याळ तिला का हवं होतं, ते मला नंतर कळलं. थिएटरात एक मोठे सर्जन होते. ऑपरेशनला हात धुवायच्या आधी ते मनगटातलं घड्याळ काढून अक्काकडं द्यायचे. ती ते एप्रनच्या खिशात ठेवायची, वर सेफ्टी पिन लावायची. ऑपरेशन संपलं की परत. असं किती वर्षं. "लई जड वाटायचं गं खिशात," ती म्हणाली होती, "पण चांगलं जड." तिची स्वतःची घड्याळं स्वस्तातली. दिवसातून वीसदा हात धुणं, स्पिरिट, घाम. वर्षभरात मुलामा उडायचा, पितळ उघडं पडायचं, मागचं झाकण हिरवं व्हायचं. त्या सर्जनचं घड्याळ मात्र पहिल्या दिवशी होतं तसंच शेवटच्या दिवशी.

मी लातूरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवते. खाली दुकान, वर घर. दुकान सासऱ्यांचं, मग ह्यांचं, आणि ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गल्ल्यावर मीच. गंजगोलाईच्या बाजारपेठेलगत इतकी वर्षं स्टील विकल्यावर माणसाला थोडा गर्व येतो. गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतं, पातेल्याला लावतं, चिकटलं नाही की खूश होतं. मी काही बोलत नाही. चुंबक तर दोनशे दोनला पण चिकटत नाही आणि तीनशे चारला पण नाही. दोनशे दोन म्हणजे हलकं स्टील, निकेल वाचवून मँगनीज घातलेलं. मिठाच्या पाण्यात ठेवलं की चार महिन्यांत ठिपके. तीनशे चार म्हणजे घरातलं चांगलं भांडं, अठरा हिस्से क्रोमियम, आठ निकेल. त्याच्या वर तीनशे सोळा. त्यात मॉलिब्डेनम म्हणून एक धातू पडतो, त्यामुळं खारट पाणी, घाम, औषधं काही त्याला खात नाहीत. चांगल्या घड्याळांच्या बॉडी बहुतेक ह्याच्या. आणि त्याच्याही वर नऊशे चार. ते मी कधी हातात धरलं नव्हतं. मूळचं ॲसिडच्या कारखान्यांसाठी काढलेलं, त्यात जवळपास चौथा हिस्सा निकेल, थोडं तांबं. कापायला अवघड, पण पॉलिश केलं की अशी झळाळी येते म्हणतात की बघत राहावं. अक्काच्या घड्याळाचं स्टील हे, असं हैदराबादच्या त्या विक्रेत्यानं तिला सांगितलं होतं. अक्कानं ते मला सांगितलं तेव्हा मी नुसतं "हं" म्हणाले.

मे महिन्यात माझ्या धाकट्या दिरांनी नवं घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला अक्का लातूरला आली. उन्हाळा कडक. मांडवात बायका पंख्याखाली दाटीवाटीनं बसलेल्या. अक्कानं निळी साडी नेसली होती आणि डाव्या मनगटावर ते घड्याळ. दिरांची नजर पडलीच.

"अक्का, हे खरं हाय का चायनाचं?" सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी. हसून विचारलं, पण विचारलं.

"खरं हाय," अक्का म्हणाली.

"हैदराबादेत लई बनावट माल हाय. आमच्या एका दोस्ताला फसवलंच की."

बायका हसल्या. मीही हसले. अक्कानं पदर सावरून हात झाकून घेतला.

जेवताना ती उजव्या हातानं डावं मनगट सारखं खाजवत होती. मी बघितलं. हात धुताना मी तिचा हात धरला आणि घड्याळ वर सरकवलं. खाली लालभडक वळ. साखळीच्या एकेका कडीचा ठसा उमटल्यासारखा, मधेमधे बारीक फोड, एका ठिकाणी पाणी सुटलेलं.

"अगं, हे काय!"

"घामानं झालं असल."

"कवापासून?"

"एप्रिलपासून. सोड."

मी सोडलं, पण डोक्यातून जाईना. दिवसभर कुणाशी बोलत होते, कुणाला पान देत होते, आणि मनात एकच. चांगलं स्टील असं करत नाही. त्यातलं निकेल आत बांधलेलं असतं, सहसा अंगाला लागत नाही. हलकं स्टील असेल, वर मुलामा असेल, तरच असं होतं. म्हणजे दीर म्हणतात ते खरं. म्हणजे अक्काला फसवलं. आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही घेतलं आणि फसली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडंच होती. सकाळी मी सरळ विषय काढला.

"अक्का, खाली दुकानात टेस्टर हाय. एक थेंब टाकायचा, बॅटरी लावायची, लगेच कळतं कुठलं स्टील हाय ते. बघू का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "काय कळणार?"

"खरं का खोटं."

"मला नाही कळून घ्यायचं."

"असं कसं? फसवलं असल तर..."

"मी काय म्हणाले?" तिचा तो आवाज मला लहानपणापासून माहीत आहे.

दुपारी जेवण झाल्यावर मी तिला मेडिकलमधून आणलेलं मलम लावायला बसले. मलम लावायचं म्हणजे घड्याळ काढावं लागणार. तिला ते काढायचं नव्हतं, हे मला जाणवलं. हुक उघडताना तिनं दोनदा हात मागं घेतला. शेवटी काढलं आणि उशाशी स्टुलावर ठेवलं. कूलरच्या वाऱ्यात दहा मिनिटांत तिचा डोळा लागला.

मी तिथं उभी होते. घड्याळ स्टुलावर. हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. मी घड्याळ उचललं, पदरात घेतलं आणि जिना उतरले.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, दुपारी आम्ही तसंच ठेवतो. टेस्टर म्हणजे फार काही नाही. रसायनाची एक लहान बाटली, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिला दोन तारा. भंगारवाले वापरतात, आम्हीही माल घेताना वापरतो. स्टीलवर थेंब टाकायचा, एक तार स्टीलला, दुसरी थेंबात. काही सेकंद. थेंब लाल झाला तर दोनशे दोन. पिवळसर राहिला तर तीनशे चार. तपकिरी झाला तर तीनशे सोळा, नाहीतर त्याहून वरचं.

घड्याळ पालथं करून मी मागच्या झाकणावर, अगदी कडेला, थेंब टाकला. घाईत थेंब ठरवला होता त्याहून मोठा पडला. तारा लावल्या. मनात मोजत होते. तीनपर्यंत गेले असेन, थेंब तपकिरी झाला. आणखी एक क्षण, आणि तो गर्द झाला, जवळपास काळा. इतका गर्द रंग मी कधी बघितला नव्हता.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी बऱ्याच दिवसांनी स्वतःशी कबूल केलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की पोटात काहीतरी खाली गेलं, आणि ते सुटकेसारखं नव्हतं.

फडक्यानं थेंब पुसला. पाण्यानं धुतला. परत पुसला. खाली एक पांढुरका गोल उरला होता, डाळीएवढा. सुकलेल्या चुन्याच्या पाण्यासारखा. घासला, जाईना. तसा तो राहणारच होता. थेंब वरचा थर खातो, म्हणून तर रंग दाखवतो. भांड्यांच्या बुडाला आम्ही टेस्ट करतो, तिथं कोण बघतं. हे मला माहीत होतं. टाकताना आठवलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मी आठवू दिलं नाही.

जिना चढताना हे दारात उभे.

"काय केलंस?"

मी सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी रंग विचारला. मी सांगितल्यावर म्हणाले, "मग काय कळलं?"

"चांगलं स्टील हाय. खरं हाय."

"चांगलं स्टील हाय एवढंच. आजकाल नकली घड्याळं पण तीनशे सोळात बनतात. आणि तीनशे सोळा हाय का नऊशे चार, हे तुझा थेंब सांगतो का?"

नाही सांगत. हेही मला माहीत होतं. मी आत गेले आणि घड्याळ स्टुलावर ठेवलं, जसं होतं तसं, तबकडी वर करून.

अक्का उठली, चहा प्यायली, मनगटावर पट्टी बांधून वर घड्याळ घातलं आणि साडेपाचच्या बसनं नांदेडला गेली. स्टँडवर मी तिला सोडायला गेले होते. खिडकीतून ती म्हणाली, "मलम चांगलं हाय गं, आग कमी झाली." मी मान हलवली.

पुढचे नऊ दिवस मला कशातच मन लागेना. दुकानात गिऱ्हाईकाला पिंप दाखवता दाखवता मी मधेच थांबायची. कुणी चुंबक काढला की मी तिकडं बघायची नाही. ह्यांना म्हणायची, "फोन करून सांगते." फोन हातात घ्यायची आणि भाजीवाल्याला लावायची. एरवी अक्का एक दिवसाआड फोन करते. ह्या नऊ दिवसांत तिचा एकही फोन आला नाही. मग मला वाटायचं, तिनं बघितलं. मग वाटायचं, नाही, मागचं झाकण कोण बघतं. मग वाटायचं, थिएटरात वीस वर्षं सुया मोजून घेणारी बाई, तिला दिसणार नाही होय?

दहाव्या दिवशी ह्यांना म्हणाले, "मी नांदेडला जाऊन येते." ते म्हणाले, "जा. आणि आधी ते सांग, मग पाणी पी."

सकाळची बस घेतली. अहमदपूर गेलं. लोह्याला बस थांबली तेव्हा मला उतरून परत जावंसं वाटलं. वाक्यं जुळवत होते. एकही जुळत नव्हतं.

अक्कानं दार उघडलं. मनगटावर घड्याळ नव्हतं, नुसती पट्टी.

"अक्का, मी तुझ्या घड्याळावर थेंब टाकला," मी उंबऱ्यातच म्हणाले.

"माहीत हाय. आत ये."

"कवा बघितलंस?"

"त्याच दिवशी. बसमध्ये. मलमानं हात चिकट झाला म्हणून काढून पुसत होते." ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा तांब्या आणला, माझ्यासमोर ठेवला. "नऊ दिवस वाट बघून राहिले मी. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

"चुकलं माझं."

"थेंब टाकला त्याचं मला एवढं न्हाई," ती म्हणाली आणि मग तिचा आवाज एकदम चढला, "मी नको म्हणाले होते ना? झोपलेल्या माणसाच्या उशाचं उचलून नेलंस! मी पेशंटच्या अंगठीला कधी हात लावला नाही न विचारता."

मी रडायला लागले. ती रडली नाही. उठून खिडकीशी गेली, परत आली, परत गेली. घरभर फिरत होती. अक्काला इतकं अस्वस्थ मी कधी बघितलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही ती एका जागी बसून सगळं बघत होती.

"मला वाटलं तुला फसवलं," मी म्हणाले. "हाताला एवढं झालंय, चांगल्या स्टीलनं असं होत न्हाई."

"होतं," ती म्हणाली. "मला होतं."

मग तिनं सांगितलं. मुखेडच्या आठवडी बाजारातून आईनं तिला एकदा खोट्या कुड्या घेऊन दिल्या होत्या, मी तेव्हा पाळण्यात. दोन दिवसांत कान सुजले, पू झाला. आईनं कुड्या काढून कडुनिंबाच्या काड्या घातल्या. नंतर नर्सिंगला असताना साडीच्या पिनेनं, घड्याळाच्या बक्कलनं, तेच. निकेल सहन होत नाही हे तिला तेव्हापासून माहीत होतं.

"आणि तरी घेतलंस?"

"तो माणूस म्हणाला, हे लई भारी स्टील हाय, ह्याला घाम काही करत न्हाई. मला वाटलं, म्हणजे मला पण काही करणार न्हाई." ती पहिल्यांदा थोडं हसली. "घामानं स्टीलला काही झालं न्हाई. मलाच झालं."

"मग काढून का ठेवलं न्हाईस? आंघोळीला पण घालायचीस तू."

पट्टीचं टोक नीट करत ती म्हणाली, "काढून ठेवायला भ्यायचे. घर एकटीचं. कुठं ठेवायचं? कपाटात ठेवलं तर सारखी जाऊन बघायचे. हातात असलं की बरं."

म्हणजे साबण, पाणी, घाम, सगळं दोन महिने त्या साखळीखाली अडकून बसलेलं, आणि वर तिची जुनी ॲलर्जी. त्याच दुपारी मी तिला ओढून चामडीच्या डॉक्टरकडं नेलं. नर्स असून ती डॉक्टरकडं जायला लहान मुलीसारखे आढेवेढे घेत होती. डॉक्टर तरुण होती. हात बघून, सगळं ऐकून म्हणाली, "ह्या स्टीलमधून निकेल फार थोडं बाहेर येतं. पण ज्याला आधीपासून ॲलर्जी आहे त्याला थोडंही पुरतं, त्यात हात सतत ओला. महिनाभर काही घालू नका. नंतर घालायचंच असेल तर धातू कातडीला लागता कामा नये."

धातूचं घड्याळ धातू न लागता कसं घालायचं? दोघी रिक्षात बसून तेच बोलत होतो. मग अक्कालाच आठवलं, नांदेडातच वजिराबादला एक म्हातारे गृहस्थ घड्याळाचे चामडी पट्टे शिवतात. गेलो. लहानशी टपरी, भिंतीवर पट्टेच पट्टे. अक्कानं घड्याळ पर्समधून काढून काचेवर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा वर केला, उलटं केलं. मागच्या पांढऱ्या गोलावर त्यांचा अंगठा थांबला.

"ये क्या हुआ?"

मी खाली बघितलं. "पडला डाग," अक्का म्हणाली. एवढंच.

त्यांनी आमची अडचण ऐकली आणि म्हणाले, साखळी काढू, चामड्याचा पट्टा लावू, आणि घड्याळाच्या खाली चामड्याची रुंद गादी शिवू, घड्याळ त्या गादीवर बसेल, हाताला लागणारच नाही. "माप देव बाई हाथ का," ते म्हणाले, आणि अक्कानं पट्टी सोडून तो लाल, खपल्या धरलेला हात पुढं केला. त्यांनी दोरीनं माप घेतलं, कातडीला न लावता, वरच्यावर.

परतताना रिक्षा पुलावर आल्यावर अक्का एकदम म्हणाली, "रंग कसा आला होता?"

"कशाचा?"

"थेंबाचा."

मी सांगितलं, तपकिरी, मग गर्द, जवळपास काळा.

"लगेच?"

"लगेच. तीन मोजेपर्यंत."

"किती काळा? काढ्यासारखा?"

"त्याहून काळा."

ती समाधानानं मागं टेकली. "मला पण धाकधूक होतीच की," ती नदीकडं बघत म्हणाली. "तुझे दीर बोलले तेव्हापासून. म्हणून तर नको म्हणाले."

मी तिला सांगितलं नाही की थेंबानं काहीच सिद्ध होत नाही, नकलीही तसल्याच स्टीलचं असू शकतं. तिथं, पुलावर, मला ते जमलं नाही. घरी पोचल्यावर सांगितलं, कारण आता आणखी काही लपवायचं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग चल हैदराबादला, जिथं उघडून बघतात तिथं."

जुलैत आम्ही दोघी गेलो. कंपनीच्या माणसानं घड्याळ आत नेलं. आम्ही तासभर गार हवेत, मऊ खुर्च्यांवर अवघडून बसलो. अक्का रुमालाच्या घड्या घालत होती, मोडत होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, अस्सल आहे, आतला बाहेरचा सगळा भाग मूळचा. मागं डाग आहे, पॉलिशमध्ये निघेल, काढायचा का? मला वाटलं ती राहू दे म्हणेल. ती म्हणाली, "काढून टाका."

आता ती चामड्याच्या गादीवरून घड्याळ घालते. हात बरा झाला, थोडा काळसर राहिलाय. दिरांनी परत काही विचारलं नाही. आमचे फोन पहिल्यासारखे सुरू झाले.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही, अजून. दुकानात त्या दुपारी थेंब काळा झाला तेव्हा माझ्या पोटात जे खाली गेलं, ती निराशा होती. मला ते घड्याळ खोटं निघायला हवं होतं. जिनं मला वाढवलं, तिच्या हातात तिच्या मनासारखी एक वस्तू आली, आणि मला ती सहन झाली नाही. तिच्या रिकाम्या घराची, तिच्या थकल्या पायांची मला सवय होती, तिच्या आनंदाची नव्हती. हे मी ह्यांनाही बोलले नाही. परवा फोनवर बोलता बोलता जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "थांब गं, दारात केळीवाली आलीय अर्धापूरची," आणि फोन ठेवून गेली. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. तिकडं ती घासाघीस करत होती, हसत होती. मी ऐकत होते.